माझ्या नणंदेचं सरकारी मौन

माझं लग्न झालं त्या वर्षी देश स्वतंत्र झाला होता आणि माझी थोरली नणंद लढाईवरून घरी परत आली होती. सासरच्या गावात दुसऱ्या गोष्टीची चर्चा जास्त होती. स्वातंत्र्य दिसायला कसं असतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. नणंद मात्र रोज सकाळी खाकी फौजी कोट घालून गोठ्यात शेण काढताना सगळ्यांना दिसायची.

गाव गोंदियाजवळच्या कामठ्याहून थोडं पुढं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. घरची जमीन होती आणि एक लहानशी धानाची गिरणी होती. सासरे गेल्यापासून गिरणी माझा नवरा चालवत असे. सासऱ्यांनी थोरल्या लेकीला नागपूरला ठेवून शिकवलं होतं. ती गणितात पदवी घेऊन बसली आणि तेवढ्यात लढाई लागली. मग ती इंग्रज सरकारच्या बायकांच्या फौजेत भरती झाली, दिल्लीला गेली, तिथून पुढं पूर्वेकडं कुठंतरी. मी कचेरीत काम करते, एवढंच तिनं घरी कळवलं होतं. घरात सगळे तिला 'बाई' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

बाई तिकडं काय करत होत्या, हे त्या कोणालाच सांगत नसत. कोणी म्हणे तोफेत गोळे भरत होती, कोणी म्हणे साहेबांच्या रोट्या भाजत होती. सासूबाईंना हे ऐकून ऐकून वीट आला. एक दिवस माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "अवं, एवढं तरी सांग मले. तिथी तू बसून होती का उभी होती?"

बाईंनी बराच विचार केला. "बसून," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी घालून पुटपुटल्या, "हेही सांगायला नको होतं."

सासूबाई त्याच दुपारी चार घरं फिरून आल्या. माझी पोट्टी सगळी लढाई बसून होती, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. गावाचं समाधान काही झालं नाही.

मी नवी सून. शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक सून होती. सासवांच्या देखत बोलायचं असलं की आम्ही 'च'ची भाषा वापरायचो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च घालायचा. मीठ म्हणजे चीठम. सासू म्हणजे चासूस. गावातल्या सगळ्या सुनांना ती भाषा येत होती आणि एकाही सासूला येत नव्हती. सगळ्या सासवा कधीतरी सुनाच होत्या, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही.

एकदा शेजारणीनं कुंपणापलीकडून मला विचारलं, "चणंदन चुठेक चेलीग?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून आवाज आला, "चरीघ."

बाई दारात उभ्या होत्या. शेजारीण कळशी टाकून पळाली. मी घाबरले, कारण आदल्या दिवशी त्याच भाषेत मी त्यांच्या फौजी कोटाबद्दल बरंच काही बोलले होते. बाईंना राग आलेला दिसला नाही. त्या मला पडवीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ही भाषा फार कच्ची आहे, पोरी. मले एक वाक्य ऐकूनच समजली. रोज तोच नियम वापरून राहिल्या तुम्ही. दुसरं कोणी ऐकून राहिलं असतं तर?"

"दुसरं कोण ऐकेल, बाई?"

"असं कधीच समजायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मी मागं वळून पाहिलं. मागं म्हैस होती.

त्यांनी आम्हाला नवी भाषा करून दिली. तिचा नियम रोज बदलायचा. तो बदल कसा कळायचा, तर भाजीवरून. गावाच्या वरच्या अंगाला जे पहिलं घर होतं, त्या घरात सकाळी जी भाजी शिजेल ती त्या दिवसाची किल्ली. वांगं असेल तर अक्षरं एका तऱ्हेनं फिरवायची, लाखोळी असेल तर दुसऱ्या, चणाभाजी असेल तर तिसऱ्या. विहिरीवर जाता जाता त्या घरासमोर वास घ्यायचा आणि कामाला लागायचं. लिहायचं काहीच नाही. लिहिलं की पकडले जातो, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मला सातवीपर्यंतचं शिक्षण होतं, बाकीच्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तरी सगळ्या शिकल्या. विहिरीवर आम्ही जे बोलायचो ते सासवांना पाखरांच्या किलबिलाटासारखं वाटे. बोलायचो काय, तर कोणाच्या घरचं दूध फाटलं आणि कोणाचा नवरा घोरतो. पण ते इतकं सुरक्षित होतं की सांगताना अंगावर काटा यायचा.

मग त्या पहिल्या घरी एक दिवस पाहुणे आले आणि त्यांनी दोन भाज्या केल्या. लवकर पाणी भरायला गेल्या त्यांना वांग्याचा वास आला, उशिरा गेल्या त्यांना लाखोळीचा. त्याच दिवशी पाटलांच्या सुनेनं विहिरीवर निरोप सोडला होता, की उद्या आमच्या घरी सवाष्णी जेवायला या. वांगंवाल्यांना तो बरोबर कळला. लाखोळीवाल्यांनी तो लाखोळीच्या नियमानं उलगडला आणि त्यातून त्यांना 'पाटलीण गेली' असा अर्थ लागला. बाई पुढं मला म्हणाल्या, की चुकीच्या किल्लीनं अर्थाचं वाक्य निघणं जवळजवळ अशक्य असतं. पण आमच्या गावच्या बायका कोणत्याही आवाजातून अर्थ काढू शकत होत्या, हे त्यांनी हिशोबात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या अंगणात अर्ध्या बायका हळदीकुंकू लावून जेवायला आल्या आणि अर्ध्या डोक्यावर पदर घेऊन रडत आल्या. पाटलीणबाई चुलीपाशी वडे तळत होत्या. रडणाऱ्या बायकांनी त्यांना पाहिलं, तरी रडणं लगेच थांबवता येईना. एकीनं तर त्यांच्याच गळ्यात पडून विचारलं, "कशी गेली व?" पाटलीणबाईंनाही आपलंच कोणी गेलं असं वाटलं आणि त्याही रडू लागल्या. वडे जळाले.

पाटलांनी चौकशी केली तेव्हा एका घाबरट सुनेनं सगळं कबूल केलं. पाटील शहाणे होते, पण दिवस तसे होते. राज्य नवं होतं, रोज काहीतरी ऐकू येई, आणि गावात दर दिवशी बदलणारी गुप्त भाषा चालते हे वर कळवलं नाही तर आपल्यावर शेकेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ठाण्यात कळवलं. ठाण्यानं आणखी वर कळवलं. असं चढत चढत ते कुठवर गेलं कोण जाणे.

धान कापून झाल्यावरच्या दिवसांत, एका दुपारी आभाळात विमान आलं. लढाईच्या काळात इंग्रजांनी जवळच्या बिरसीला विमानांसाठी मोठी पट्टी बांधली होती. लढाई संपल्यावर ती ओसाड पडली आणि आसपासच्या गावांनी तिचा उपयोग शोधून काढला. तेवढी गुळगुळीत, तापलेली जागा दुसरीकडं कुठंच नव्हती, म्हणून सगळे तिथं धान वाळवत. त्या दिवशीही पट्टीभर धान पसरलं होतं. विमानाला उतरता येईना. ते घिरट्या घालू लागलं. आवाज ऐकून चारी दिशांनी माणसं धावत निघाली. आम्हीही निघालो. विमानातला माणूस खिडकीतून हातवारे करत होता आणि खालून लोक त्याला हात हलवून रामराम करत होते. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि सगळ्यांनी मिळून फावड्यांनी, सुपांनी, लुगड्यांच्या पदरांनी एका अंगाचं धान बाजूला ओढलं. विमान उतरलं. राहिलेलं धान उडालं ते जत्रेएवढ्या गर्दीच्या डोक्यावर पडलं.

विमानातून सुटाबुटातला एक साहेब उतरला, अंगावरचा कोंडा झाडत. त्यानं आधी इकडं तिकडं पाहिलं, मग हलक्या आवाजात जवळच्या माणसाला माझ्या नणंदेचं नाव घेऊन विचारलं, "इनका घर कहाँ है? किसी को बताना मत, हम गुप्त काम से आए हैं।"

तो माणूस आनंदानं मागं वळून ओरडला, "अरे, गुप्त काम से आये है! बाईकडं जाऊन राहिले!"

साहेबाला बैलांच्या दमणीत बसवून आमच्या घरी आणलं तेव्हा मागून सगळी गर्दी आली. पडवीत खाट टाकली. साहेब म्हणाला, "सब लोग बाहर जाइए।" लोक अंगणात गेले आणि तिथून पाहू लागले. सासूबाई गेल्याच नाहीत. त्यांना हिंदी येत नव्हती, त्यामुळं त्यांच्यापासून धोका नाही असं साहेबाला वाटलं असावं.

"आपने दस्तखत किए थे," तो बाईंना म्हणाला. "ज़िंदगी भर कुछ नहीं बताएँगी।"

"नहीं बताया," बाई म्हणाल्या. "माँ से पूछिए।"

साहेबानं सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंना वाटलं, आता आपली पाळी. त्या ठणकावून म्हणाल्या, "बसून होती!"

साहेबानं मग वांग्याचं काय ते विचारलं. बाईंनी त्याला शांतपणे सगळी पद्धत समजावून सांगितली. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. किल्ली रोज बदलायची, ती लिहायची नाही, सगळ्यांना एकाच वेळी कळेल अशा जागी ठेवायची पण जागेसारखी दिसू द्यायची नाही, हे सगळं म्हणे सरकारी गुपित होतं. तो म्हणाला हे तुम्ही त्या कचेरीतून आणलं. बाई म्हणाल्या मी हे वांग्यातून आणलं. तो म्हणाला, तरीही ते गुपित आहे. बाई म्हणाल्या, मग गावातल्या सगळ्या सुनांना सरकारी गुपित माहीत आहे, आता काय करता?

साहेबानं पेटीतून कागद काढले आणि गावातल्या सुनांना ओळीनं बोलावलं. जिला सही येत होती तिनं सही केली. बाकीच्यांनी काजळी लावून अंगठे उठवले. यापुढं भाजीच्या विषयात आम्ही कोणाजवळही, कोणत्याही कारणासाठी, सरकारच्या परवानगीवाचून बोलणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. माझी सही स्वच्छ आली. आयुष्यात मी सरकारसाठी केलेली ती पहिली सही. नवऱ्यानं त्या रात्री विचारलं, उद्या काय भाजी करशील, तर मी त्याला उत्तर दिलं नाही.

साहेब विमानानं परत गेला. जाताना पाटलीणबाईंनी त्याच्याबरोबर वडे दिले.

या भेटीनंतर बाईंची किंमत गावात फार वाढली आणि त्यांचं लग्न जमणं फार अवघड झालं. जिच्यासाठी विमान येतं तिला कोणत्या घरात द्यायचं? सासूबाईंनी तरी हिंमत सोडली नाही. पत्रिका पाहायला आमच्याकडं ऐंशी ओलांडलेले एक ज्योतिषी यायचे. सगळे त्यांना महाराज म्हणत. आसपासच्या गावांतली सगळी लग्नं त्यांनीच जुळवलेली. महाराज स्थळाची पत्रिका आणि बाईंची पत्रिका मांडून दुपारभर बोटं मोजायचे आणि संध्याकाळी मान हलवायचे. गुण जुळत नाहीत.

असं बऱ्याचदा झाल्यावर बाईंनी विचारलं, "महाराज, हे मोजता कसं?"

"ते गुप्त शास्त्र आहे, बाई."

मी तिथंच तांदूळ निवडत होते. गुप्त हा शब्द ऐकून बाईंचे डोळे असे चमकले, की मला महाराजांची दया आली.

तो सगळा हिवाळा बाई घरोघर फिरल्या. नवऱ्याचं नक्षत्र कोणतं, बायकोचं कोणतं, एवढंच त्या विचारत. महाराज स्थळं पाहायला बसले की त्याही शेजारी बसत आणि त्यांची बोटं कुठून कुठं जातात ते पाहत. घरी येऊन खडूनं गिरणीच्या पाठच्या भिंतीवर चौकटी आखत. हळूहळू भिंत भरली. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी मला ओढत तिकडं नेलं. "झालं," त्या म्हणाल्या. "त्यांचं सगळं शास्त्र फुटलं." त्यांना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं.

मी भिंत पाहिली. मग म्हणाले, "बाई, हे तर पंचांगाच्या मागं छापलेलं असते."

"कोणत्या पंचांगाच्या?"

"आपल्या सैंपाकघरात खुंटीले टांगलं आहे ना, त्याच्या."

आम्ही दोघी सैंपाकघरात गेलो. बाईंनी पंचांग चुलीच्या उजेडात धरलं आणि भिंतीवरचं आठवून आठवून एकेक घर ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. एकाच जागी फरक निघाला. "छपाईची चूक," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंचांगवाल्यांना कार्ड टाकलं. पुढच्या वर्षीच्या पंचांगात त्या जागी बाईंचा आकडा होता.

दुसरं कोणी असतं तर एक हिवाळा वाया गेला म्हणून कपाळाला हात लावला असता. बाईंचं डोकं पुढंच धावत होतं. हे मोजायला माणूस कायले पाहिजे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मग कोण मोजेल? त्या म्हणाल्या, बांबू.

त्यांनी गिरणीच्या पडवीत यंत्र बांधलं. बांबूची आडवी चौकट, तिच्यात उतरत्या आठ पन्हळी, पन्हळीत उघडझाप करणाऱ्या लाकडाच्या चिपा, आणि चिपांना बांधलेल्या सुतळ्या. डावीकडं मुलाच्या नक्षत्राची खुंटी लावायची, उजवीकडं मुलीच्या. त्यानं सुतळ्या ताणल्या जात आणि काही चिपा उघडत, काही बंद राहत. मग वरून रिठ्याच्या काळ्या बिया सोडायच्या. त्या खडखडत खाली येत आणि जेवढे गुण तेवढ्या बिया खालच्या वाडग्यात पडत. बांधायला दोन पावसाळे लागले, कारण ओलीनं सुतळ्या आखडत आणि सगळ्यांचे गुण कमी होत. नवरा कुरकुरला नाही. त्यानं पडवी दिली, बांबू दिले. फक्त एकदा हळूच विचारलं, "बाई, याच्यानं धान कांडता येईल का जी?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. मग त्या चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "या बांबूले काहीच समजत नाही. नक्षत्र नाही, लगीन नाही, काही नाही. तरी उत्तर बरोबर येते. तुम्हाले समजून राहिलं का, हे केवढं मोठं आहे?"

आम्हाला समजलं नव्हतं. आम्ही 'हाव' म्हणून मान हलवली.

पहिली परीक्षा महाराजांच्या समोरच झाली. एका स्थळाचे गुण त्यांनी दुपारभर बसून काढले. यंत्रानं ते पान खाण्याइतक्या वेळात काढले. आकडा एकच आला. महाराज रागावून उठले, चार पावलं गेले, परत आले आणि म्हणाले, "पुन्हा चालवा बरं." त्यांना बिया पडताना बघायला आवडलं होतं. काही दिवसांनी ते पत्रिका घेऊन आमच्याकडंच येऊ लागले. दूरदूरची माणसं येत. बायका यंत्राला कुंकू लावत, त्यानं खुंट्या चिकट होत, आणि बाई ओल्या फडक्यानं पुसत बसत.

खरा घोटाळा पाटलांमुळं झाला. ते एक दिवस सहज बसले होते. म्हणाले, "आमचंही पाहून घ्या. महाराजांनी आमचे बत्तीस गुण सांगितले होते. फार दुर्मीळ जोडा आहे आमचा."

बाईंनी खुंट्या लावल्या. बिया सोडल्या. वाडग्यात एक पडली, दुसरी पडली, मग बराच वेळ काहीच पडलं नाही. पाटलांनी पन्हळी वाजवून पाहिल्या.

"अडकलं असेल काही," ते म्हणाले.

"नाही अडकलं," बाई म्हणाल्या.

पाटील घरी गेले आणि त्यांनी ते पाटलीणबाईंना सांगितलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "मी तं पहिल्या दिवसापासून म्हणून राहिली होती!" आणि त्या तडक माहेरी निघून गेल्या. एवढ्या मोठ्या नातवांची आजी, पण डोक्यावर गाठोडं घेऊन एकटी चालत गेली. दुसऱ्या दिवसापासून गावातली एकूण एक जोडपी आमच्या पडवीत रांग लावून उभी राहिली. कोणाच्या दोन, कोणाच्या पाच. एका म्हाताऱ्या जोडप्याची एकही बी पडली नाही, तर आजोबा वाडगा उलटा करून बघू लागले. पडवीतून निघालेलं भांडण रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मारामारीला येई. ज्यांचं कधी भांडण झालं नव्हतं ते आपलं का झालं नाही म्हणून भांडू लागले. गावात चुली पेटेनात.

मी आणि माझा नवरा रांगेत उभे राहिलो नाही. पण आमची नक्षत्रं बाईंनी फिरता फिरता सगळ्यांत आधी घेतली होती, हे मला ठाऊक होतं. मला राहवेना. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "आमच्या किती पडल्या?"

"ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"कायले?"

"नाही सांगत." अगदी तोच आवाज, लढाईचं विचारल्यावर यायचा तो. मी दोन दिवस रडले. नवरा म्हणाला, जास्त असत्या तर सांगितल्या असत्या. मग मी आणखी रडले, आणि तो इतका हसला की मलाही हसू आलं. आम्ही दोघं चुलीपुढं हसत बसलो आणि भाकर करपली.

शेवटी गाव जमलं. महाराजांना मध्ये बसवलं. पाटील कडाडले, "महाराज, तुम्ही बत्तीस सांगितले होते. दोनच कसे निघाले?"

"दोनच होते," महाराज म्हणाले.

"मग बत्तीस कायले सांगितले?"

महाराज उठून उभे राहिले. "अरे, या गावात खरे गुण सांगितले असते तर एक लगीन झालं नसतं! तुझ्या बापाचे आणि तुझ्या मायचे किती होते माहीत आहे? तीन! मी खरं सांगितलं असतं तर तू आज मले विचारायले इथी उभा राहिला असता का? तुमच्यातला कोण जन्मला असता, हात वर करा!"

बरेच जण मनातल्या मनात आपल्या आईबापांचे गुण मोजत होते. कोणीच हात वर केला नाही. माझ्या शेजारी बसलेली एक बाई आपल्या कडेवरच्या पोराला घट्ट धरून बसली होती.

पाटलांनी निकाल दिला. यंत्र बरोबर आहे. महाराजही बरोबर आहेत. म्हणून यंत्र चालवायचं नाही.

मी घाबरून बाईंकडं पाहिलं. मला वाटलं त्या चिडतील. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्या हसत होत्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगदी असंच," त्या मला म्हणाल्या, "अगदी असंच त्या कचेरीतही होतं." पुढं काही सांगतील म्हणून मी कान दिला, पण त्यांनी तोंड मिटलं.

पाटील स्वतः दमणी घेऊन पाटलीणबाईंना आणायला गेले. त्या आल्या. यंत्रात आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. पन्हळीतून अंडं आपोआप वाडग्यात येई, हे मात्र सासूबाईंना पसंत पडलं.

बाईंच्या लग्नाचा विषय तेव्हापासून मागं पडला. त्यांनी यंत्राचं सगळं वर्णन नागपूरला आपल्या जुन्या प्राध्यापकांना लिहून पाठवलं होतं. त्यांनी ते मुंबईला कोणाला तरी दाखवलं, आणि वर्षभरानं मुंबईहून बोलावणं आलं. तिकडं विजेवर चालणारं गणकयंत्र बांधत होते आणि त्यांना माणसं हवी होती. नवऱ्यानं पत्र वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकलं आणि एकच विचारलं, "आता तरी उभं राहून काम करायचं का?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. या कामाबद्दल बोलायला त्यांना मनाई नव्हती.

गोंदियाच्या स्टेशनवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. फौजी कोट त्यांनी मला दिला. मुंबईला थंडी नसते म्हणाल्या.

त्यांचं ते म्हणणं चुकीचं होतं. साठ सालाच्या आसपास मी आणि नवरा मुंबईला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला ते यंत्र दाखवलं. ते ज्या खोलीत होतं तिथं इतका गारठा होता, की मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. यंत्राला गार ठेवावं लागतं, माणसांचं काही का होईना. लोखंडी कपाटांच्या रांगा, आत हजार लुकलुकते दिवे, आणि चष्मेवाली तरुण पोरं इकडून तिकडं जाताहेत. बाई आत आल्या तशी सगळी उठून उभी राहिली. गावात त्यांच्यासाठी कोणी कधी उठून उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं कपाटांकडं नीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कोंबड्या येत नाहीत वाटते इथी."

एका पोरानं मला आदरानं सांगितलं, की यंत्रानं काय करायचं ते मॅडम यंत्राच्या भाषेत लिहून देतात. मी विचारलं, त्या भाषेची किल्ली कोणत्या भाजीची? तो हसला. बाईंनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. तेव्हा मला माझी सही आठवली आणि मी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंच्या खोलीवर आम्ही जेवायला होतो. मी घरचे तांदूळ नेले होते. बाई खिडकीच्या उजेडात सुपात ते निवडत बसल्या. त्यांना निवडायची गरज नव्हती, मी निवडूनच नेले होते. निवडता निवडता त्या एकदम म्हणाल्या, "एक गोष्ट सांगितली तरी चालेल. त्यात गुपित काहीच नाही."

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी स्वतः फोडलेला पहिला निरोप," त्या म्हणाल्या. "जपान्यांचा. ब्रह्मदेशाच्या जंगलातून पाठवलेला. कित्येक आठवडे आम्ही त्याच्यामागं होतो. साहेब म्हणे यात हल्ल्याची जागा असेल. शेवटी एका दुपारी माझ्या हातात सगळा उलगडला. त्यात लिहिलं होतं, तांदूळ संपले, तांदूळ पाठवा. एवढंच. खाली पुन्हा, तांदूळ पाठवा."

"मग?" मी विचारलं.

"मग मी तो कागद साहेबाला दिला. साहेब फार खूश झाला. माझी पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि त्या माणसांचं काय झालं?"

"ते आम्हाला कधी सांगत नसत." त्यांनी सुपातले तांदूळ हातानं सारखे केले. "धानाच्या गावची मी. तो निरोप माझ्याच हातात यायचा होता."

त्या उठल्या आणि त्यांनी स्टोव्ह पेटवला. पातेल्यात तांदूळ घातले, आणखी घातले, पुन्हा आणखी घातले. आम्ही तिघंच होतो. मी म्हणणार होते, बाई, पुरे झाले, पण म्हटलं नाही. भात मोठ्या पातेल्यात मावेना आणि खालून थोडा लागलाही. आम्ही तिघांनी जेवायला बराच वेळ घेतला आणि तो सगळा संपवला.